वासाची रांग
माझी सहा वर्षांची लेक बोलत नाही. घरातली प्रत्येक वस्तू हुंगते आणि सारख्या वासाच्या वस्तूंची रांग लावते. "हा ऑटिझम लशीच्या विषामुळे," म्हणत थोरल्या जाऊबाईंनी कुणा उपचारवाल्याची बिनलेबलाची बाटली आणली. "रोज दहा थेंब. उलट्या झाल्या तर घाबरू नकोस, विषच बाहेर पडतं. महिन्यात पोपटासारखी बोलेल!" लशीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण 'बोलेल' या शब्दाला भुलून चमचा मीच आणला. तेवढ्यात लेकीनं बाटली उचलली, हुंगली आणि बाथरूममध्ये नेऊन ब्लीचच्या बाटलीशेजारी ठेवली. "बघ! औषध कुठं ठेवायचं तेही कळत नाही," जाऊबाई हसल्या. मी दोन्ही बाटल्या हुंगल्या. वास एकच. हातातल्या चमच्याची मला शिसारी आली. ब्लीचवर निदान लिहिलेलं तरी होतं: लहान मुलांपासून दूर ठेवा.