मामंजींची नव्वद पानं

सलीमभाईंनी कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकली आणि मामंजींची फाईल उघडली, तर नव्वदच्या नव्वद पानांवर नुसते चौकोन आणि तुटकी इंग्रजी अक्षरं. माझ्या सासऱ्यांनी दोन वर्षं एका बोटानं टाइप केलेली घराण्याची हकीकत होती ती, नातीसाठी. आता काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेलेत.

"फायल तो हैच मॅडम," सलीमभाई मान खाली घालून म्हणाले, "खाली पुराना फाँट इसमें चलता नै. उसकी फ्लॉपी है क्या?"

फ्लॉपी केव्हाच खराब झाली होती.

ते गेल्यावर पलंगावरून मामंजींनी विचारलं, "सूनबाई, माझं लिखाण सुखरूप ना?"

"हो, मामंजी."

"मग एक पान ऐकव. पण तू नको वाचूस. तुझा वऱ्हाडी हेल आमच्या पणजोबांना शोभत नाही. आज रेणूला वाचू दे."

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नऊ वर्षांच्या रेणूला मी जवळ ओढलं आणि तिच्या कानात सांगितलं, "सगळं बिघडलंय गं. पण आजोबांना कळू द्यायचं नाही. मला आठवेल ते मी हळूच सांगते, तसं तू मोठ्यानं म्हण."

तिनं एकदा स्क्रीनकडे पाहिलं, मग माझे डोळे पुसले.

"रडू नको ना, आई," ती तितक्याच हळू म्हणाली, "चांगलं होतं तेव्हा तरी मला मराठी कुठं वाचता येत होतं?"