रेणूचं ड्रायव्हिंग

प्रेमानंद मिस्त्रीने गाडीखालून जुनी क्लच प्लेट बाहेर काढली आणि गौरवच्या हातात ठेवली.

"घे भाऊ. पापडावानी झाली."

गौरवने ती उलटीपालटी करून पाहिली. प्लेटवरचं अस्तर पार झिजलं होतं. रिलीज बेअरिंग हाताने फिरवलं तरी कुरकुरत होतं. पावर हाउस भागातल्या या गॅरेजात अशी गाडी क्वचितच यायची. टर्बो इंजिनाची, जमिनीला पोट लावून पळणारी. गौरवने ती रायपूरहून सेकंडहँड आणली होती आणि जिवापाड जपली होती.

"इतक्या लवकर कशी गेली?"

"कोनीतरी क्लचवर पाय ठेवून चालवते," प्रेमानंद हात पुसत म्हणाला. "गिअर पडला का पाय काढा लागते ना. तसाच ठेवला तर प्लेट घासत रायते. जळनारच."

गौरव बहिणीकडे वळला. "और कौन? रेणू मॅडम!"

रेणू आठवड्यातून एकदोनदा गाडी घेऊन दुर्गच्या ऑफिसला जायची. "दादा, मी नाही ठेवत पाय."

"सगळे असंच म्हनते," गौरव म्हणाला. "लेडीज ड्रायव्हिंग!"

बाकड्यावर बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. प्रेमानंद हसला. शेडखाली उभे असलेले गौरव-रेणूचे वडील देवीदास, तेही हसले. हसू तोंडावर असतानाच त्यांना स्वतःची लाज वाटली.

देवीदासांनी सगळी नोकरी स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवण्यात काढली. केबिनमध्ये डाव्या पायाखाली ब्रेक. वर लोखंड लटकलेलं, खाली माणसं. काही झालं तरी पाय ब्रेकवरून उचलायचा नाही, असं उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नोकरी संपली, पाय मात्र अजून ड्यूटीवरच होता. गौरव स्कूटरने शिफ्टला गेला आणि रेणू बसने निघाली, की देवीदास गुपचूप चावी उचलत आणि वैशाली नगरच्या घरून थेट सेक्टरमध्ये, प्लांटच्या कॉलनीत, जुन्या सोबत्यांकडे जात. पोराची गाडी म्हणून चार ठिकाणी मिरवत. परत येताना जळका वास यायचा. तो प्लांटकडून येतोय, असं ते स्वतःला सांगायचे.

आता बोलायला हवं होतं. एक वाक्य तर होतं. पण ज्या माणसाच्या हाताखाली प्लांटातल्या अख्ख्या शॉपने क्रेन शिकली, त्याने पोराची गाडी जाळली, हे मिस्त्रीसमोर, परक्या माणसांसमोर सांगायचं?

"आजपासून हिले चावी भेटनार नाही," गौरवने जाहीर केलं.

"मंग मी दुर्गले कशी जाऊ?"

"रोज जाते तशी. बसनं."

रेणूने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, तुमी सांगा ना याले."

"जाऊ दे ना बेटा," देवीदास म्हणाले. "नवीन प्लेट लागून राहिली ना आता. कायले वाद घालता?"

किती समजूतदार आवाज निघाला होता! रेणूने मान खाली घातली आणि ती गाडीपलीकडे जाऊन उभी राहिली. देवीदासांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवी प्लेट बसली, नवं बेअरिंग बसलं. प्रेमानंदने पेडल दाबून पाहिलं आणि खुशीत मान हलवली. गौरवने चावी वडिलांपुढे धरली.

"बाबा, तुमी काढा गाडी. नवीन सामानाले पयला हात मोठ्याचा."

"मी कावून? तूच चालव."

"जिंदगीभर क्रेन चालवली तुमी. एक झटका नाही लागू देल्ला. बसा ना."

आता नाही म्हणायलाही काही कारण हवं होतं, आणि खरं कारण तर जिभेवर येत नव्हतं. देवीदास बसले. शेजारी गौरव, त्याच्यामागे रेणू. गाडी बाजारातल्या ऑटोंमधून वाट काढत मोठ्या रस्त्याला लागली. त्यांनी दुसरा गिअर टाकला. क्षणभर सुटलेला डावा पाय पुन्हा क्लचच्या पेडलवर जाऊन बसला. त्यांना ते कळलंही नाही.

तेवढ्यात रेणू मागून पुढे वाकली आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "बाबा, पाय."

देवीदासांनी चटका बसल्यासारखा पाय काढला. म्हणजे हिला माहीत होतं. बसच्या खिडकीतून कधीतरी त्यांना गाडीत पाहिलं असणार. मघाशी 'तुमी सांगा ना' म्हणाली तेव्हाही माहीत होतं. चारचौघांत सांगून टाकायचं सोडून तिने ते बापावर सोपवलं होतं, आणि बाप मूग गिळून बसला होता. त्यांचे कान तापले. समोरच्या आरशात तिचा चेहरा दिसला असता, पण तिकडे बघायची हिंमत झाली नाही. त्यांनी पाय तळाशी घट्ट टेकवून ठेवला. गिअरपुरता उचलला, लगेच परत खाली. गाडी जराही हिसका न देता तिसऱ्यावर गेली.

गौरव खूश झाला. मान वळवून बहिणीला म्हणाला, "पाह्यलं का? अशी चालवते गाडी. शिक जरा बाबाजवळून."