पाणबुड्याचं घड्याळ

संकेत पोटरीएवढ्या पाण्यात उभा होता आणि पुढची पायरी काही केल्या त्याला दिसत नव्हती. वैनगंगा शांत होती. धडधडत होती ती त्याची छाती. डाव्या मनगटावर बाबांचं नौदलातलं घड्याळ होतं, काळ्या तबकडीचं, वाटीएवढं दणदणीत. समुद्राच्या तळाशी गेलं तरी बंद पडत नाही म्हणे. घड्याळाची काळजी कोणालाच नव्हती. प्रश्न संकेतचा होता.

"जा न बे पुढं!" घाटावरून शालिकरामकाका ओरडले. "कमरेइतकंच पानी हाय. तुहा बाप तं जहाजाच्या खालून जाऊन आलता!"

काकांना आपल्या थोरल्या भावाचा भारी अभिमान. चिंतामणराव नौदलात पाणबुडे होते, हे खरंच. पेन्शन घेऊन बालाघाटला परतले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी समुद्राच्या गोष्टी सांगण्यात घालवलं. बालाघाटात समुद्र नाही, त्यामुळे खोडून काढणारंही कोणी नव्हतं. आणि त्यांचा हा मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा. सगळे महासागर तोंडपाठ, पण अंघोळ बादलीतून, तीही जपून. लहानपणी बाबांनी याच घाटावरून त्याला पाण्यात लोटलं होतं. गावातल्या पोरांनी ओढून बाहेर काढलं तेव्हा तो गळा काढून रडत होता. "कोनाचं पोट्टं हाय हे?" बाबा म्हणाले होते. ते वाक्य चाळिशी गाठली तरी संकेतच्या मनातून गेलं नव्हतं.

त्यात कालची बाबांची तेरवी. काकांनी रीतीप्रमाणे त्याला पगडी बांधली आणि वर सगळ्या पाहुण्यांसमोर हे घड्याळही चढवलं. "आता बापाचं नाव राख!" तेवढ्यात पंगतीतून कोणीतरी बोललंच, "हा तं बादलीलेही भेते." तेरवीच्या पंगतीत हशा! संकेतला पुढची बुंदी गोड लागली नाही. म्हणून आज सकाळी तो टॉवेल घेऊन निघाला होता. एकदा तरी, बाबा गेल्यावर का होईना, त्याला बाबांचा मुलगा व्हायचं होतं.

त्याने डोळे मिटले, एक पाय उचलला आणि घाटाच्या वर ऑटो करकचून थांबला.

"संकेत! नाटक पुरे झालं. बाहेर निंघ!"

आई होती. आशालताबाई एकेक पायरी धरून धरून उतरत आल्या आणि धापा टाकत काकांपासून जरा लांब बसल्या.

"आई, मले जाऊ दे. हे घड्याळ घालाची माही लायकी तं पाह्यजे."

"कायची लायकी? अन् ते घड्याळ त्यायचं होतं कुठं? माहं हाय ते."

संकेतचा उचललेला पाय खाली आला.

"पेन्शन घेऊन आल्यावर तुहे बाबा मले पाहाले आलते कटंगीले, माह्या माहेरी," आई सांगू लागली. "मोठी मानसं वसरीत पत्रिका पाहून राह्यलती. मले मायनं पाहुण्यायसाठी शिंगाडे काढाले मागच्या तळ्यावर धाडलं. तं हे आले मांगं मांगं. तळ्याकडे पाहून म्हनतात, हे तं डबकं हाय, आम्ही समुद्रात राह्यलेले. अन् मारली न उडी! आता समुद्रात काय शिंगाडे राह्यतात? वेल गुंडाळली पायाले. जितके झटके देत, तितकी आवळे. दोनदा वर आले, तिसऱ्यांदा आलेच नाही. मंग मी पदर खोचला अन् केस धरून ओढलं काठावर."

"बाबांना?"

"नाही तं कोनाले? श्वास आला तसं पहिले घड्याळ काढलं अन् माह्या हातात ठेवलं. म्हने, कोनाले सांगू नका. पहिल्यांदाच मले कोनी अहोजाहो केलं, मी लगेच हौ म्हनलं. पुढं लग्न झालं. माह्या हातात ते बांगडीवानी घसरे, म्हनून तेच घालत. पन त्या दिसानंतर ते कोनत्या पान्यात उतरले, सांग बरं? अंघोळ करताना ओला टॉवेल पायाले लागला तरी दचकत. तू त्यायचाच पोरगा हायेस रे बाप्पा, पुरा."

संकेतला आठवलं. त्याला पाण्यात लोटलं त्या दिवशीही बाबा वरच्या पायरीवर होते. मुलगा बुडत असतानाही त्यांची विजार कोरडीच राहिली होती. किती वर्षं हे समोर होतं! त्याला आधी हसू फुटलं, मग रडू, आणि मग दोन्ही एकदमच. बाबा गेल्यापासून त्यांची इतकी माया त्याला पहिल्यांदाच आली.

"इतके दिवस नाही सांगितलंस, मग आज काहून सांगितलं?" डोळे पुसत तो बाहेर आला.

"नाही सांगत, तं तुले कोन काढतं? माहे गुडघे राह्यले का आता उडी माराचे?"

त्याने घड्याळ काढून आईपुढे धरलं. आईने ते परत त्याच्याच मनगटावर चढवलं.

"तूच घाल. मी आज तोंड उघडलं, माहा हक्क सरला. पन तू अन् भाऊजी, बाहेर बोलू नका. आम्हा दोघायशिवाय हे कोनालेच मालूम नव्हतं."

आता काकांनी घसा खाकरला. त्यांचा चेहरा चांगलाच उतरला होता.

"वहिनी, त्या दिशी तळ्यावरच्या आंब्यामांगं मी होतो न," ते म्हणाले. "तुमाले घड्याळ देलं, अन् मले निस्ती सायकल?"