धोंडूच्या वाट्याची शिवी

ढोल शेजारच्या घरापुढच्या खळ्यात पोचला तसा धोंडू पडवीतून उठला आणि पुन्हा बसला. सकाळपासून त्याचं डोकं तापलेलं होतं. भाकरी करपली म्हणून ताट अंगणात गेलं होतं. तांब्या आपटून चेपला होता. राग आला की धोंडूचा हात भांड्यांवर चालतो, असं सगळी वाडी हसत हसत सांगायची.

पण आज त्या रागाला कारण होतं.

मसुऱ्याजवळच्या त्या वाडीत शिमग्याची रीत अशी, की गोमू नाचत घरोघर यायची. गोमू म्हणजे दुसरं कोण, बाबली! एरवी माडावर चढून माडी काढणारा हा रांगडा गडी शिमग्यात मिशी उतरवून लुगडं नेसायचा आणि असा नाचायचा की बायकांनी तोंडात बोट घालावं. नाचता नाचता घरधन्याची उणीदुणी काढायची, शिव्यांची लाखोली वाहायची. ज्याला शिवी लागली त्याने हसून माडीचा पेला भरून द्यायचा. पेला दिला की विषय संपला, कोणाच्या मनात काही उरलं नाही. ज्या घरापुढे शिवी पडली नाही, ते घर वाडीतलं नव्हेच. राज्यात दारूबंदी आली तरी ही रीत मोडली नाही. कायद्याला माडावर चढता थोडंच येतं!

गेल्या शिमग्यात बाबलीने पदर खोचून धोंडूच्या चिकटपणाची हुबेहूब नक्कल केली होती. "पावण्याक काय इचारता धोंडग्या? चाय पिवनच इलास मां?" माणसं पोट धरधरून हसली. धोंडूनेही दात दाखवले, पण भरलेला पेला आदळूनच पुढे ठेवला. माणसं पुढच्या घरी गेली.

त्यानंतर वैशाखात पोलीस आले ते सरळ बाबलीच्या माडांखाली. मडकी फोडली, बाबलीला घेऊन गेले, तुरुंग दाखवला. आतल्या माणसाने सांगितल्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं. आणि शिमग्यात चिडला कोण होता? धोंडू! झालं. तोंडावर कोणी चकार शब्द काढला नाही, पण लग्नाकार्यात त्याच्या पानाशेजारचं पान रिकामं राहू लागलं.

आणि धोंडूने सांगितलंच नव्हतं! देवाशपथ नव्हतं. पण न केलेल्या आरोपाला उत्तर कसं द्यायचं? आता एकच दिवस उरला होता, ज्या दिवशी वाडीत काहीही बोलता येतं. आज बाबली शिवी घालील, चुगलखोर म्हणेल, मग मी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगीन आणि पेला देईन. त्यासाठी त्याने लपवूनछपवून पलीकडच्या गावातून माडी आणून ठेवली होती.

ढोल खळ्यात आला. गोमू नाचली. एक गिरकी, दुसरी गिरकी. मग बाबली थांबला, पदर सावरला आणि त्याने चक्क हात जोडले.

"नमस्कार, धोंडूशेट. येतो आम्ही."

शेट! आणि तेही कचेरीतलं मराठी! धोंडूच्या अंगाचा तिळपापड झाला. पायऱ्या उतरून तो वाटेत आडवा उभा राहिला.

"खंय चललास? गाळी घाला माका! मी पोलिसांक सांगलंय असा वाटता मां तुमका? मगे तोंडार बोला!"

"आमका काय बोलूचा नाय, शेट," बाबली शांतपणे म्हणाला.

मग मात्र धोंडू सुटला. त्याने तुळशीवर हात ठेवला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "जेणा कोणी बाबलीची मडकी दाखवल्यान, तेचो मुडदो बशवलो! शिरा पडो तेच्या तोंडार! आसा कोण तो? येवंदे फुडे!"

ढोल थांबला. माणसं एकमेकांकडे बघू लागली. अशी शिवी या वाडीत कोणी शिमग्यातही घातली नव्हती.

दारातून सुभद्रा बाहेर आली. धोंडूची बायको चारचौघांत कधी येत नसे. तिने पडवीतल्या मडक्यातून पेला भरला, पायऱ्या उतरली आणि नवऱ्याच्या शेजारून पुढे जाऊन तो बाबलीपुढे धरला. पेला कोणत्या शिवीचा, हे कोणाला सांगावं लागलं नाही. फक्त धोंडूलाच कळायला वेळ लागला.

"तू?" तो म्हणाला. "तू गो कित्या?"

सुभद्राने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"बाबली भावोजी, हवालदाराच्या बायलेक मीच सांगलंय. तुरुंगात गेलास तो माझ्यापायी. माका माफ करा." ती बाबलीकडे सरळ बघत बोलत राहिली. "तुमी नाचतास, हसतास, फुडल्या घराक जातास. तुमच्या एकेका गाळीचो राग मागे माझ्या पाठीर उतरता. भांड्यांचा नाव उगीच होता. माका वाटला, माडी गेली तर नाच बंद होयत. नाच बंद झालो तर माजो मार चुकात. तुमचो शिमगो पाच दिवसांचो, भावोजी. ह्या घरातलो वरसभर चलता."

बाबलीने दोन्ही हातांनी पेला घेतला, एका दमात रिकामा केला, लुगड्याच्या पदराला तोंड पुसलं. मग धोंडूकडे वळून त्याने त्याला मघापासून हवी होती ती शिवी घातली, आईबापाचा उद्धार करून, सावकाश, एकेक शब्द सुटा सुटा.

त्या वेळी मात्र कोणीच हसलं नाही.