अकराशे सत्तेचाळीस

"सर्व्हर चालू आहे का बघा," हृषीकेश म्हणाला.

कीर्तीने ११४७ हा आकडा टाकला आणि एंटर दाबलं. पडद्यावर नोंद आली. नवनाथ शिवशरण, ओ निगेटिव्ह, उपलब्ध: हो.

"चालू आहे," ती म्हणाली.

बाजारपेठेमागच्या त्या रक्तपेढीत सर्व्हर तपासायची तिची ही रीत सहा वर्षांची होती. हिरव्या दिव्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. दिवा लुकलुकत असतो आणि आतला डेटाबेस खुशाल बंद पडलेला असतो. त्यापेक्षा एक नोंद मागावी. उत्तर आलं तर सगळं ठीक. रोज सकाळी ती हीच नोंद मागायची. दुसरा आकडा टाकताना तिला कुणी पाहिलं नव्हतं.

हृषीकेश पुण्याहून आला होता, जुना सर्व्हर काढून नवा बसवायला. रक्तदात्यांची यादीही त्याने साफ करायला घेतली होती. पाच वर्षांत जो रक्त द्यायला आला नाही त्याला फोन करायचा. कुणी उचलला नाही तर नाव गाळायचं. नियम सरळ होता, आणि पोरगाही सरळ होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने बरीच नावं गाळली.

"तुमचे हे अकराशे सत्तेचाळीस," तो म्हणाला, "सहा वर्षांत एकदाही आलेले नाहीत. गाळू?"

"नको." कीर्ती जरा जोरातच बोलली. "राहू दे की. सर्व्हर बघायला लागतं मला ते."

"त्याला कुठलंही नाव चालेल, मॅडम. ऐनवेळी आपण न येणाऱ्या माणसाच्या मागे लागलो तर पेशंटचं काय?"

त्याचं बरोबर होतं. पण रेशनकार्डावरून ते नाव गेलं होतं, मतदारयादीतून गेलं होतं. मोडनिंबच्या घराच्या दारावरची पाटीसुद्धा वहिनीने उतरवली होती. आता कुठे राहिलं असेल तर ते फक्त इथे.

"नियमाप्रमाणं आधी फोन तरी करा," ती म्हणाली.

हृषीकेशने नंबर लावला. रिंग गेली. आणि टेबलाच्या पलीकडे, कीर्तीच्या पर्समध्ये, बटणांचा एक जुना फोन वाजायला लागला.

तो काही विचारायच्या आत तिने फोन कानाला लावलाही होता. पेढीतून हा नंबर घेऊन पेशंटचे नातेवाईक थेट फोन करायचे. आजवर पाच जणांनी केला होता. पाचही वेळा ती जे बोलली होती तेच आत्ताही बोलली, समोर बसलेल्या हृषीकेशकडे न बघता.

"नवनाथ न्हाई आता. मी त्याची बहीण. माझं रक्त पण तेच आहे. कुटं यायचं तेवढं सांगा, मी निघालेच."