बटनावरची ओढणी

नव्या पॉवर सप्लायचा प्लग कॉम्प्युटरच्या बोर्डात खटकन बसला आणि मारुतरावांनी भिंतीवरच्या बटनाकडे हात नेला.

"थांबा मामा!" तेजश्री ओरडली. तिने बसवलेला प्लग उपसून काढला, गळ्यातली ओढणी सोडली आणि बटन झाकेल अशी वायरीच्या पाइपला गच्च गाठ मारून बांधली.

मारुतरावांचा हात होता तिथेच राहिला. कारेगावच्या आपल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये हा नेम त्यांनीच घालून दिला होता. जो मशीन उघडेल त्याने आपली टोपी बटनाशेजारच्या खिळ्याला अडकवायची. टोपी लटकतेय तोवर बटनाला कुणी शिवायचं नाही, मालकानेसुद्धा. नेम घातला त्याच्या आदल्या दिवशी त्यांचा हात प्रेसमध्ये असताना कुणीतरी बटन दाबलं होतं. तेव्हापासून उजव्या हाताला तीनच बोटं. लेथ, ड्रिल, प्रेस, सगळ्यांपाशी खिळा होता. कॉम्प्युटरच्या खोलीत मात्र नव्हता. खुर्चीत बसून ड्रॉइंग काढणारी पोरगी, ती कशाला मशीन उघडतेय, असं सगळ्यांनीच धरलेलं.

"आता काय झालं?" मारुतराव वैतागले. "पहिल्या एसटीनं पुण्याला जाऊन नवा सप्लाय आणला म्या. प्लग बसला की!"

"बसला, पर वायरी बघा." तिने जळक्या सप्लायचा प्लग नव्याच्या शेजारी धरला. "जुन्यात हितं काळी हाय, नव्यात लाल. ज्यांनी हा कॉम्प्युटर बनवला त्यांनी आपल्या सोयीनं वायरी लावल्यात. बटन दाबलं असतं तर बोर्ड गेला असता."

"बसतोय म्हंजी त्याचाच असणार."

"चुकीच्या आट्याचा नटबी दोन फेरे बसतो मामा. मग आटेच खातो."

नव्या कामगाराला पहिल्या दिवशी हेच वाक्य मारुतराव स्वतः ऐकवत.

कॉम्प्युटर एका बंद पडलेल्या कारखान्यातून आलेला, पेटीएवढा जड. त्याच्या पोटात तेजश्रीची दीड वर्षाची मेहनत होती, त्र्याऐंशी ड्रॉइंग. फ्लॉपीत मावत नव्हती, आणि डिस्क अशा जुन्या जातीची की शिरूरातल्या एकाही कॉम्प्युटरला लागत नव्हती. बोर्ड जळला तर सगळं गेलं. त्यातलं एक ड्रॉइंग न्यायला आज काम देणाऱ्या कंपनीचे साहेब येणार होते. मिळालं नाही तर काम चाकणला जाणार, हे त्यांनी फोनवर दोनदा सांगितलं होतं. त्यात गुरुवार, लोडशेडिंगचा वार. एकच्या ठोक्याला लाइट जाणार ती संध्याकाळी येणार.

तिने वहीच्या कागदावर जुना प्लग काढला, शेजारी नवा, आणि प्लगच्या वीसही घरांत एकेका वायरीचा रंग लिहिला. नव्यात अकरा वायरी जागा सोडून होत्या. स्टेपलरच्या दोन पिना सरळ केल्या, वायरीच्या टोकाच्या दोन्ही बाजूंनी आत सारल्या आणि वायर हळूच ओढली. सुटली. ती जुन्यात होती त्या घरात सारली. एक झाली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही, चांगलीच वाटत होती. पण वायर ओढताना हात हलून चालत नाही, म्हणून तिने भीतीला दारातच उभं केलं. सातव्या वायरीला पीन बोटात घुसली. तिने बोट तोंडात धरलं, ड्रेसला पुसलं आणि आठवी धरली.

मारुतराव दर पाच मिनिटांनी दारात यायचे. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

सव्वाबाराला साहेब आले. उघडा कॉम्प्युटर पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अजून चालूच नाही? पाऊण तासात लाइट जाईल. नवा सप्लाय आलाय ना, मग लावून बघा तरी!" आणि ते सरळ बटनापाशी जाऊन ओढणीची गाठ सोडू लागले.

त्यांच्या मनगटावर तीन बोटांचा हात पडला.

"साहेब, ओढणी हाय तिथं."

"मग?"

"मग तिची ती काढंल."

"मारुतराव, मी आता परत गेलो तर—"

"जावा. पर हात काढा."

साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग गाठीवरचा हात काढला आणि स्टुलावर जाऊन बसले.

अकरावी वायर बसली. "मामा, कागद वाचा," तेजश्री म्हणाली. मारुतराव एकेक घर वाचत गेले, सावकाश, बोट ठेवून, आणि ती प्लगवर बघून "व्हय" म्हणत गेली. वीसही घरं जुळली. तिने प्लग बसवला, ओढणी सोडून गळ्यात घेतली आणि भिंतीवरचं बटन दाबलं. मग कॉम्प्युटरचं दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग आतला पंखा घरघरला आणि पडदा उजळला.

एकला दहा मिनिटं कमी असताना प्रिंटरमधून ड्रॉइंग बाहेर आलं. साहेबांनी ते दोनदा तपासलं, गुंडाळी केली आणि पुढच्या गुरुवारी येतो म्हणून गेले. तेजश्रीने कॉम्प्युटर नीट बंद केला आणि नळावर तोंड धुवायला गेली. तोंडावर पाणी मारतेय तोच लाइट गेली. लेथ थांबली, शेड गप्प झालं.

त्या शांततेत कॉम्प्युटरच्या खोलीतून ठकठक ऐकू आली. ती धावतच आत गेली. मारुतराव बटनाशेजारी भिंतीत खिळा ठोकत होते.

"उंची बघ," ते मागे न वळता म्हणाले. "हात पोचतोय का तुझा?"