शेकोटीची जागा

"कुसाबाई, तो धूर आत्ताच्या आत्ता विझवा!"

रिसॉर्टच्या गच्चीवरून रविराज ओरडत होता. मॅनेजर झाल्यापासून तो खाली शेतात एकदाही उतरला नव्हता. त्याचे बूट पांढरे होते आणि त्याला ते पांढरेच ठेवायचे होते. "पाहुणे इथं शुद्ध हवेसाठी येतात. पुन्हा धूर दिसला तर नवनाथला उद्यापासून कामावर पाठवू नका!"

नवनाथ हा कुसाबाईचा मुलगा. तिने पेटत्या पाल्यावर हंडा ओतला. पेठच्या त्या डोंगरावर पावसाआधी राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या तुकड्यावर सुकं शेण आणि पाला पसरून पेटवायचा, हे काम बायकांचं. राब भाजला नाही तर तण माजतं, नागलीची रोपं दबतात आणि वर्षाची भाकरी जाते. पाऊस आठ-दहा दिवसांवर आला होता. कुसाबाईचा राब कोपऱ्यातच विझला. तिच्या तीन शेजारणींनी तर काडीही लावली नव्हती. चौघी बांधावर बसून राहिल्या. त्यांतली लताबाई रडकुंडीला आली होती.

दुपारी रविराजनेच त्यांना फाटकाशी बोलावलं. स्वारी घामाघूम होती. पाहुण्यांना शेकोटी आणि आदिवासी नाच कबूल केलेला, आणि ठरवलेलं पथक ऐनवेळी फिरकलंच नाही. मे महिन्यात शेकोटी! पण शहरातल्या माणसाला डोंगरावर आलं की शेकोटी लागतेच, त्याला कोण काय करणार.

"तुम्ही नाचाल का?"

कुसाबाईने शेजारणींकडे पाहिलं. तिला एकदम हसू फुटलं. तिने ते पदरात लपवलं.

"नाचू ना, सायेब. पन जागा आमची, नि शेकोटी बी आमची."

"काय हवं ते करा!"

दिवस कलला आणि नवनाथचा ढोल घुमला. पाहुणे धावतच खाली उतरले. सकाळी नाकाला रुमाल लावून तक्रार करणाऱ्या आभा मॅडम सगळ्यांत पुढे होत्या. "आमच्यात रिकाम्या हातानं नाचत नाय," कुसाबाईने जागच्या जागी ठोकून दिलं. मग काय! जो तो टोपली भरभरून पाला आणू लागला. एका डॉक्टरांनी सुकं शेण हाताने कुस्करून टाकलं आणि तसा फोटोही काढून घेतला. बायका गात होत्या, फेर पुढे सरकत होता, फेरामागून आग सरकत होती. धुराचे लोट थेट रिसॉर्टवर चालले होते.

"काय सुंदर वास आहे!" आभा मॅडम खोकत खोकत म्हणाल्या.

रविराजला कुणीतरी फेरात ओढलं आणि त्याच्या अंगात आलं. तो उड्या मारत होता, आरोळ्या ठोकत होता. शेवटची टोपली त्यानेच रिकामी केली. बूट काळेकुट्ट झाले तरी त्याला पत्ता नव्हता.

आग बसली. पाहुणे हसत हसत बांधावर कोसळले आणि "उद्या परत! उद्या परत!" असा गलका करू लागले.

"ऐकलंत ना?" रविराजला धाप लागली होती. "कुसाबाई, उद्याही इथंच हं!"

कुसाबाई काठीने राख सारखी करत होती, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

"हितं कशाला, सायेब? माझा राब तर भाजून झाला. उद्या लताबाईच्या राबावर नाचू."